पुण्याच्या कडेची गावं: जमीन, घर, पाणी... नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर पुण्याच्या दक्षिणेला, २०२१ ला महापालिकेत गेलेल्या एका गावात. वडिलांच्या वेळी इथं ज्वारी, हरभरा आणि विहिरीवर थोडी भाजी व्हायची, आता बांधाला लागून सात मजली बिल्डिंग उभी आहे. मी वकील नाही, पण गेली दहा-बारा वर्षं घरचे आणि भावकीचे कागद घेऊन तलाठी ऑफिस, मोजणी ऑफिस, रजिस्ट्रार सगळीकडे मीच फिरलोय, त्यामुळे पाहुणे, मित्र, शेजारच्या सोसायटीतले लोक सगळे मलाच फोन करतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. एक गोष्ट आधीच सांगतो कारण खाली ती सारखी येणार आहे: जीआर निघाला की शहराची हद्द एका दिवसात सरकते, पण पाणी, ड्रेनेज, रस्ता आणि तक्रार ऐकून घेणारा माणूस यायला वर्षानुवर्षं जातात, आणि त्या मधल्या वर्षांतच सगळ्यात जास्त लोक फसतात.

प्र. आमचं गाव नक्की शहरात धरायचं की खेड्यात?

आधी हेच शोधा, कारण पुढचं सगळं यावर ठरतं. पुण्यात १९९७ ला एकदम ३८ गावं घेतली, मग विरोध झाला म्हणून त्यातली काही पूर्ण आणि काही अर्धवट परत वगळली. नंतर ऑक्टोबर २०१७ ला ११ गावं आली, आणि ३० जून २०२१ ला २३ गावं, त्यात वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, खडकवासला, मांगडेवाडी, होळकरवाडी अशी सगळ्या दिशांची. त्या दिवशी क्षेत्रफळानं पुणे महापालिका मुंबईपेक्षा मोठी झाली, ५०० चौरस किमीच्या वर. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला आत आली आणि नंतर परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. या सगळ्याच्या बाहेरचा मोठा पट्टा पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), जी २०१५ ला झाली. म्हणजे कर ग्रामपंचायत घेते आणि बांधकामाची परवानगी पीएमआरडीए देते अशी गावं ढीगभर आहेत, हिंजवडीच घ्या ना, आयटी पार्क जगभर माहिती आणि कारभार ग्रामपंचायतीचा. तर "हे पुण्यातच येतं हो" असं कुणी म्हटलं की एवढंच विचारा, टॅक्सची पावती कुणाची आणि बांधकामाचा नकाशा कुणी मंजूर केला.

प्र. महापालिकेत आलो म्हणजे आता नळाला पाणी येणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर देताना मला दर वेळी वाईट वाटतं. लगेच नाही. आमच्याकडे हद्दीत आल्यावर पहिली काही वर्षं तीच जुनी ग्रामपंचायतीची टाकी, तीच लाईन आणि बाकी सगळं टँकर. पाणी यायला आधी आराखडा, मग टाक्या, मग मुख्य लाईन, मग आतल्या लाईन, आणि टाकीला जागा लागते जी कुणीच सहज देत नाही. सकाळी सहाला टँकर आमच्या गल्लीत रिव्हर्स घेतो तेव्हा त्या आवाजानंच घड्याळ लावतात लोक, वॉचमन जाड पाइप ओढत नेऊन अंडरग्राउंड टाकीत सोडतो, झाकण उघडं, शेजारी चपला, वरून धूळ. ते पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, तपासलं का, कुणी विचारत नाही, कारण विचारलं आणि टँकर आला नाही तर?

आणि हे किती महागात पडतं ते जानेवारी २०२५ मध्ये सगळ्यांनी बघितलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या भागात जीबीएसचे रुग्ण सापडायला लागले, हातापायातली ताकद जाणारा आजार, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले, एकूण संख्या २०० च्या वर गेली. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून जातो, आणि तेव्हा समोर आलं की या भागातल्या मोठ्या वस्तीला नांदेड गावच्या विहिरीतलं पाणी फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं, शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता. खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याची गावं ही! ज्या धरणाचं पाणी अख्खं पुणे पितं त्याच्या शेजारी राहून विहिरीचं कच्चं पाणी प्यायचं, हे मला आजही पचत नाही.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा सोसायटीच्या चेअरमनला विचारू नका, तो "पाणी मुबलक" म्हणणारच. मे महिन्यात जा. वॉचमनला विचारा दिवसाला किती टँकर येतात, आणि मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च किती आहे त्याची मागच्या उन्हाळ्याची पावती मागा. घरी पिताना उकळा, आणि सोसायटीत असाल तर टाकी दर तीन महिन्यांनी धुवून पाणी तपासून घ्या.

प्र. टॅक्स किती वाढतो?

वाढतो, पण नियमानं एकदम पूर्ण शहरी दर लागत नाही, टप्प्याटप्प्यानं चढतो. लोकांचा राग आकड्यापेक्षा "सुविधा कुठंय" यावर आहे आणि तो रास्त आहे. फक्त बिल भरणं थांबवू नका, थकबाकी चढत जाते आणि पुढे घर विकताना, नावावर करताना तीच आडवी येते.

प्र. एक गुंठा स्वस्तात मिळतोय, बुकिंग चालू आहे, घेऊ का?

थांबा. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, ४० गुंठ्यांचा एकर. शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकायला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं बंदी आहे, आणि प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते) २०२३ पासून राज्यात बहुतेक ठिकाणी जिरायतला २० गुंठे, बागायतला १० गुंठे आहे. आमच्या हवेली तालुक्यात त्याआधी ११ गुंठ्यांचा हिशोब चालायचा, त्यामुळे पळवाट काय निघाली, तर अकरा अनोळखी माणसं गोळा करायची, एकच खरेदीखत करायचं आणि सातबाऱ्यावर अकराही नावं सामाईक चढवायची. तुमचा प्लॉट नंबर सात वगैरे असतो तो फक्त एजंटच्या झेरॉक्सवरच्या पेन्सिलच्या नकाशात. सातबाऱ्याला तुमचा कोपरा माहितीच नसतो!

आमच्या मामाचं हेच झालं. २०१४ ला रिटायरमेंटच्या पैशातून दीड गुंठा घेतला, चुन्याची फक्की मारलेली, चार कोपऱ्यांना चार दगड, कमान सुद्धा होती एंट्रीला. दोन वर्षांनी घर बांधायला गेला तर दोन दगड सरकलेले, शेजारच्या प्लॉटवाल्याच्या नकाशात तीच जागा त्याची. बँकेनं कर्ज नाकारलं, कारण सामाईक सातबारा. मूळ मालकाच्या बहिणीनं हिस्सा मागत दावा टाकला, आणि एक दिवस रस्त्यावर आडवी चारी खोदलेली, जेसीबीनं, कारण वीस फुटी म्हणून दाखवलेला रस्ता कुठल्याच कागदावर नव्हता. विकणाऱ्याचं ऑफिस तोवर दुसऱ्या गावात गेलं होतं. मामी अजूनही त्या रस्त्यानं जाताना मान फिरवून बसते.

२०२५ च्या शेवटी सरकारनं तुकडेबंदीत बदल केलाय, महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या आणि आराखड्यातल्या निवासी वगैरे भागांतल्या जुन्या लहान तुकड्यांचे व्यवहार कायदेशीर करायची वाट मोकळी केलीये. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना हा मोठा आधार आहे, त्यांनी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) आणि रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन आपल्या गटाचं काय होतं ते जरूर विचारावं. पण याचा अर्थ असा नाही की शेती झोनमधला कुठलाही गुंठा आता चालतो, आणि व्यवहार कायदेशीर झाला म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असंही नाही, एजंट लोक मुद्दाम हे दोन्ही एकत्र करून सांगतायत.

प्र. नोटरी करून देतो म्हणतात, चालेल का?

नाही. नोटरी, कब्जेपट्टी, पाचशेच्या स्टॅम्पवरचं साठेखत, यानं मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत, त्यावरून फेरफार (मालकी बदलल्याची महसूलची नोंद), आणि मग सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डवर नाव, एवढं झालं तरच तुमचं.

प्र. सातबारा कोरा आहे म्हणाले. आणखी काय बघायचं?

सातबारा ऑनलाइन डिजिटल सहीचा स्वतः काढा, त्यांनी दिलेला फोटो नको. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ बघा, वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. मग "इतर हक्क" हा रकाना शांतपणे वाचा, खरी गंमत नाही, खरा धोका तिथं बसलेला असतो: कुळाचं नाव, बँकेचा बोजा, बहिणींची नावं, वतन-इनामाचा शेरा, कूळ कायदा कलम ४३ चा शेरा. आपल्या भागात पुनर्वसनाचे शिक्के (धरणग्रस्तांसाठी राखून ठेवल्याची नोंद) हा वेगळाच विषय, खेड, हवेली, दौंडमध्ये भामा-आसखेडच्या लाभक्षेत्रातल्या कित्येक जमिनींवर वर्षानुवर्षं ते शिक्के होते आणि लोक मुलीच्या लग्नाला सुद्धा जमीन विकू शकत नव्हते. जुने फेरफार निदान तीस वर्षांचे काढा. गायरान असेल तर विचारच करू नका, २०११ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ती अतिक्रमणं नियमित करायचे रस्ते जवळपास बंद झालेत.

आणि रस्ता! पाणंद, शिवरस्ता, वहिवाटीचा रस्ता, जो काही असेल तो गाव नकाशात किंवा कागदावर आहे का बघा. बैलगाडी जायची म्हणून कॉंक्रीट मिक्सर जाऊ देतील असं नसतं.

प्र. एनए आणि आर झोन (निवासी झोन) एकच का?

नाही. झोन म्हणजे आराखड्यानं त्या जागेला दिलेला वापर, निवासी, शेती, हरित, डोंगरमाथा-डोंगरउतार वगैरे. एनए म्हणजे ती जमीन बिगरशेती झाल्याची महसूलची नोंद. महसूल संहितेत कलम ४२ मध्ये भर पडल्यापासून निवासी झोनमध्ये असेल तर वेगळी एनए परवानगी लागत नाही, आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही तशी सोय आहे. झोन दाखला महापालिकेतून किंवा पीएमआरडीएतून मिळतो, फी किरकोळ आहे, तेवढ्यासाठी लोक आळस करतात आणि आयुष्याची कमाई घालतात हे बघून जीव तुटतो.

प्र. आमचं घर गुंठेवारीतलं आहे, पाडतील का?

गुंठेवारी म्हणजे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची वस्ती. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच बांधकामं बसायची, २०२१ ला दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. त्याआधीचं असेल, निवासी असेल आणि आरक्षण, हरित पट्टा, बीडीपी (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण), नदीपात्र, सरकारी जमीन यावर नसेल तर दंड आणि विकास शुल्क भरून नियमित करायचा अर्ज करता येतो. जुनं लाइटबिल, ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती, काहीही तारीख दाखवणारं असेल ते जपून ठेवा. लोक घाबरून अर्जच करत नाहीत, उगाच नजरेत येऊ म्हणून. मला वाटतं ज्यांचं बसतंय त्यांनी करावाच, शुल्क जड जातं हे खरं, पण पुढच्या पिढीच्या गळ्यातली धोंड जाते.

प्र. फ्लॅटची बिल्डिंग अधिकृत आहे हे कसं ओळखायचं?

मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करायचा दाखला, आणि तयार असेल तर भोगवटा पत्र (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा दाखला). यातलं "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, आमच्या पट्ट्यात शेकडो बिल्डिंग सरपंचाच्या एका सहीवर उभ्या राहिल्यात. प्रकल्पाची जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल आणि फ्लॅटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेरा नंबर (गृहप्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) लागतो, प्लॉटिंगलाही लागतो. ठाण्याजवळ शीळ फाट्याला ४ एप्रिल २०१३ ला काही आठवड्यांत चढवलेली बिल्डिंग कोसळून ७४ माणसं गेली, तीही अशीच शहराच्या कडेची, बिनपरवाना, अर्धवट बांधलेली आणि तरीही आत कुटुंबं राहत होती. स्वस्त का आहे याचं उत्तर त्या ढिगाऱ्यात होतं.

प्र. ओढ्याकडेला मस्त लोकेशन आहे, हिरवळ आहे, घ्यायचं का?

नाही, नाही आणि नाही. मी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र विसरू शकत नाही. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, वर मांगडेवाडी, भिलारेवाडी, मग कात्रजचा तलाव, मग बिबवेवाडी, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. त्या रात्री तो असा आला की टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, गाड्या एकमेकांवर चढल्या, शहर आणि जिल्हा मिळून २० हून जास्त बळी गेले. पाऊस प्रचंड होता हे मान्य, पण वर डोंगरउतारावर काय चाललं होतं ते आम्ही रोज बघत होतो. टेकडी फोडून प्लॉट सपाट करायचे, निघालेला मुरूम आणि राडारोडा ओढ्यातच लोटायचा, ओढा पाइपात घालून वर रस्ता करायचा. लहानपणी आम्ही खेकडे धरायचो ते ओढ्याचं पात्र पंचवीस-तीस फूट रुंद होतं, आता तिथं दोन सिमेंटचे पाइप आहेत आणि वर पार्किंग.

पूररेषा दोन असतात, निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. पण त्या नद्यांच्या आखलेल्या असतात, आमच्या गावच्या ओढ्या-ओघळींना रेषा नाहीत, म्हणून जुना गाव नकाशा काढा आणि गावातल्या सत्तरीच्या माणसाला विचारा पाणी कुठून जायचं. तो बोट दाखवेल, तिथं घेऊ नका.

प्र. टीपी स्कीम आली तर जमीन जाते का?

पूर्ण जात नाही, पण भीती का वाटते ते समजून घ्या. नगररचना योजनेत सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, शाळा, बागा, ड्रेनेजची जागा काढतात आणि मग प्रत्येकाला नीट चौकोनी प्लॉट परत देतात, रस्त्याला लागून. पीएमआरडीएच्या म्हाळुंगे-माण योजनेत, साधारण २५० हेक्टरवर, मालकाला निम्मं क्षेत्र परत असा हिशोब होता. शेतकरी म्हणतो, चार एकराचे दोन झाले. प्लॅनर म्हणतो, त्या दोनाची किंमत चारापेक्षा जास्त. दोघंही खरं बोलतात, अडचण वेळेची आहे, योजना दहा वर्षं रखडली तर मधल्या काळात शेतकऱ्याला ना विकता येतं ना बांधता येतं.

यात मगरपट्टा मला महत्त्वाचा वाटतो. हडपसरच्या शंभरावर कुटुंबांनी, बहुतेक मगर आडनावाच्या, आपली ४०० एकरांवर जमीन तुकड्यातुकड्यानं बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या हिशोबात शेअर घेतले. नंतर नांदेड सिटी त्याच वाटेनं झाली. तिथं भावकी एकत्र राहिली हे भांडवल सगळ्यात मोठं होतं. आमच्या भावकीत चार गटांचे नऊ दावे चालू आहेत, आणि एकेकाचा हिस्सा वेगवेगळ्या माणसानं घेतला, त्यामुळे आज रस्ता नऊ ठिकाणी वळतो.

प्र. रिंग रोडमध्ये किंवा डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्यात जमीन जातेय, मोबदला कसा?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानं ग्रामीण भागात साधारण बाजारभावाच्या चौपट आणि शहरी हद्दीत दुप्पट पडतो, म्हणजे गाव शहराच्या हद्दीत गेल्यावर हाच आकडा निम्मा होतो, आणि विलीनीकरणाला विरोध का होतो याचं हे एक मोठं कारण आहे जे शहरात बसून कळत नाही. कोणत्या कायद्याखाली संपादन चाललंय ते नोटिशीत बघा, आकडा त्यावर बदलतो. डीपी रस्त्याला रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआयचा (उरलेल्या जागेवर जास्त बांधायची मुभा) पर्याय असतो, लहान शेतकऱ्यानं सही करायच्या आधी स्वतःचा आर्किटेक्ट गाठावा. झाडं, विहीर, पाइपलाइन, गोठा यांचं वेगळं मूल्यांकन मागा, पंचनाम्याला स्वतः हजर राहा, मोबाइलवर फोटो काढा. आणि पैसे आले की पहिल्या महिन्यात गाडी घेऊ नका, हे मी माझ्या सख्ख्या चुलत भावाला सांगू शकलो नाही ते तुम्हाला सांगतो.

प्र. शहराचा कचरा गावाकडेच का येतो?

कारण कडेच्या माणसाचा आवाज लहान. पुण्याचा कचरा आधी कोथरूडला पडायचा, कोथरूड शहर झालं तसा तो उरुळी देवाची-फुरसुंगीला गेला. तिथं विहिरींचं पाणी खराब झालं, गावांनी कितीतरी वेळा गाड्या अडवल्या, शहराला वाटायचं गाववाले आडमुठे आहेत. एकदा मे महिन्यात त्या डेपोजवळच्या घरात जेवायला बसून बघा, ताटावर एका हातानं माश्या वारत दुसऱ्या हातानं जेवतात.

प्र. नगरसेवकाला सांगितलं तर काम होतं का?

आमच्या गावांचं दुखणं असं झालं की जून २०२१ ला ग्रामपंचायत बरखास्त, मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं ना सरपंच ना नगरसेवक. पूर्वी ट्रान्सफॉर्मर जळला तर सरपंचाच्या दारात जाऊन बसायचो, या चार वर्षांत कुणाच्या दारात बसायचं हेच कळेना. आता क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, शिक्का मारलेली पोच घ्या, पंधरा दिवसांनी पोच दाखवून परत जा. तोंडी सांगू नका. गावकरी आणि सोसायटी यांच्या सह्या एकाच अर्जावर असल्या तर काम हलतं, हे आम्ही ड्रेनेजच्या लाईनच्या वेळी अनुभवलंय.

प्र. सोसायटीवाले आणि गाववाले यांचं पटत का नाही?

पटू शकतं. सोसायटीवाल्याला वाटतं गाववाले जमिनी विकून बसलेत आणि दादागिरी करतात, गाववाल्याला वाटतं हे आले आणि पाणी संपलं. जत्रेच्या रात्री डीजेवरून पोलीस बोलावले जातात, रानात जायच्या वाटेवर गेट बसतं आणि वॉचमन आमच्याच म्हाताऱ्याला "कहाँ जाना है" विचारतो. ते माझे चुलते होते, डोक्यावर कडब्याची पेंढी, आणि ज्या गेटवर उभे होते ती जमीन त्यांनीच दिलेली. त्या दिवशी सोसायटीतल्या एका ताईंनी खाली येऊन माफी मागितली आणि मीटिंगमध्ये विषय लावून धरून वाट मोकळी करून घेतली. आजही मोकळी आहे.

प्र. एवढं सगळं असताना तुम्ही शेती का ठेवलीये?

अठरा गुंठे राहिलेत. कालवा नाही, विहिरीला आता सांडपाण्याचा वास येतो म्हणून बोअरवर मेथी, कोथिंबीर आणि पावसाळ्यात थोडी भुईमुगाची शेंग. हिशोब घातला तर परवडत नाही हे मला कळतं, एजंट आठवड्याला एक तरी येतो. पण आई पहाटे उठून खुरपायला जाते, आणि बुधवारी-शनिवारी जुड्या बांधून त्याच सोसायटीच्या गेटजवळ बसते, साडेसात ते नऊ. ताई लोक खाली येतात, पोरं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात, एक लहान मुलगी दर वेळी विचारते आजी आज शेंगा आहेत का. आई आहे तोवर तरी तो तुकडा विकायचा नाही असं आम्ही दोघा भावांनी ठरवलंय, आणि तसं लिहून दोघांनी सह्या केल्यात.